स्टुडबेकर चॅम्पियन (१९४७–५२)

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे स्टुडबेकर कंपनीने बनविलेली कमी किमतीची मोटारगाडी. चॅम्पियन हे नाव १९३९ ते १९५८ या काळात वापरात होते. प्रस्तुत नोंद महायुद्धोत्तर पहिल्या पिढीपुरती, म्हणजे १९४७ ते १९५२ या प्रतिमानवर्षांपुरती (मॉडेल इयर) मर्यादित आहे. जुन्या मोटारींच्या अमेरिकन शौकिनांत हिला, विशेषतः १९५० व १९५१ च्या टोकदार नाकाच्या सेडानला, मूळ किमतीच्या मानाने फार मोठा मान आहे.

युद्ध संपल्यावर बहुतेक अमेरिकन कंपन्यांनी १९४२ च्याच गाड्या किरकोळ फेरफार करून पुन्हा बाजारात आणल्या. चार वर्षे गाडी न मिळालेला ग्राहक मिळेल ती घेत होता, त्यामुळे घाईचे कारणही नव्हते. स्टुडबेकरने मात्र १९४६ च्या मध्यास पूर्णपणे नव्या बांधणीची गाडी आणली. जुन्या, प्रस्थापित कंपन्यांत हा मान तिचाच. जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर यांच्या स्वस्त गाड्यांना नवे रूप मिळायला १९४९ साल उजाडले. नव्या गाडीत पुढचे मडगार्ड कायेत (बॉडीत) मिसळलेले होते, दारांखालचे बाहेरचे पायदान गेले होते आणि दुदारी कूपेला मागे जवळजवळ पुढच्याइतकीच काच होती. गाडी येते आहे की जाते आहे, हा विनोद तेव्हापासूनचा.

हे रूप नेमके कोणाचे, हा या गाडीच्या इतिहासातील सर्वांत चघळला गेलेला प्रश्न होय. जाहिरातींत नाव होते रेमंड लोई यांचे. न्यूयॉर्कचे हे ख्यातनाम अभिकल्पकार १९३६ च्या सुमारास कंपनीचे सल्लागार झाले आणि १९३९ ची पहिली चॅम्पियनही त्यांच्याच कार्यालयातून आली. प्रत्यक्ष काम मात्र साउथ बेंडमधील त्यांच्या सहकाऱ्यांकडे असे. त्यांत व्हर्जिल एक्सनर प्रमुख होते. कंपनीचे अभियांत्रिकी प्रमुख रॉय कोल यांचे लोईंशी पटत नसे. त्यांनी एक्सनर यांना स्वतंत्रपणे, लोईंच्या नकळत, पर्यायी आराखडा करण्यास उत्तेजन दिले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. लोईंना गाडीची मापे चुकीची पुरविण्यात आली, ही हकिकतही अनेकदा सांगितली जाते. तिचा आधार मुख्यतः संबंधितांच्या नंतरच्या आठवणी हाच असल्याने ती जपूनच घ्यावी. एवढे निश्चित, की १९४४ मध्ये लोईंनी एक्सनर यांना काढून टाकले व स्टुडबेकरने त्यांना लगेच थेट आपल्या नोकरीत घेतले. अभिकल्पाच्या पेटंटवर एक्सनर यांचेच नाव असल्याचे सांगितले जाते. लोईंच्या बाजूने म्हटले जाते ते असे, की हलक्या, सडपातळ गाडीचा आग्रह मुळात त्यांचा होता आणि त्या आग्रहाविना एक्सनर यांचा आराखडा तसा झाला नसता. दोन्ही बाजू पाहता १९४७ च्या कायेचे श्रेय प्रामुख्याने एक्सनर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ते १९४९ मध्ये क्रायस्लरकडे गेले.

१९५० च्या 'बुलेट नोज'बाबत असा पेच कमी आहे. गाडीच्या तोंडाशी मधोमध विमानाच्या पंख्याच्या टोपीसारखा क्रोमचा शंकू बसविण्याचे काम लोईंच्याच गटातील रॉबर्ट बर्क यांचे, आणि विमानाची कल्पना लोईंची, असे सामान्यतः मानले जाते. मात्र १९४९ च्या फोर्डच्या तोंडाशी असलेल्या जाळीतही (ग्रिल) तसाच गोल उंचवटा आहे, व त्या फोर्डच्या नमुन्यावर काम केल्याचे श्रेय ज्या रिचर्ड कॅलील यांना अनेक जण देतात, त्यांना बर्क व होल्डन कोटो या स्टुडबेकरच्या माणसांनी हातभार लावल्याचे सांगितले जाते. तेव्हा कोणी कोणाचे उचलले यापेक्षा दोन्हींच्या मागे तेच हात होते असे म्हणणे बरे. १९५१ मध्ये शंकू सौम्य झाला आणि १९५२ मध्ये गेला.

यंत्ररचनेत नावीन्य थोडे, पण काटकसर पुष्कळ. सुमारे २.८ लिटरचे, बाजूच्या झडपांचे सहा सिलिंडरी एंजिन ८० अश्वशक्तीचे होते; १९५० पासून ८५. गाडी त्या काळच्या अमेरिकन मानाने हलकी, त्यामुळे ओव्हरड्राइव्ह (वेगात एंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) घेतलेल्या गाडीला पेट्रोल कमी लागे. १९४९ पर्यंत पुढच्या चाकांना आडवी पाटा-स्प्रिंग होती, १९५० पासून गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. शौकीन मंडळी आवर्जून दाखवतात ती 'हिल होल्डर' ही युक्ती. चढावर गाडीचे नाक वर झाले, की ब्रेकच्या नळीतील एक लहान गोळी मागे घरंगळून द्रवाची वाट अडवते. क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी मागे सरकत नाही. क्लच सोडताच वाट मोकळी होते. स्टुडबेकरमध्ये ही सोय १९३६ पासून होती. चार दारांच्या सेडानची मागची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी आहेत.

१९५० हे कंपनीच्या विक्रीचे शिखर. त्या प्रतिमानवर्षात सुमारे ३,४३,००० गाड्या निघाल्या. त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक चॅम्पियन होत्या. साध्या सेडानची किंमत १,५०० डॉलरच्या आसपास होती. पुढे मोठ्या कंपन्यांच्या किंमतयुद्धात स्टुडबेकर टिकली नाही. १९५४ मध्ये ती पॅकार्डशी जोडली गेली, साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाला व कॅनडातील हॅमिल्टन येथील उत्पादन मार्च १९६६ मध्ये थांबले.

शौकिनांचे संघटन कंपनी जिवंत असतानाच, १९६२ मध्ये, स्टुडबेकर ड्रायव्हर्स क्लबच्या रूपाने सुरू झाले. अमेरिकेच्या क्लासिक कार क्लबची यादी १९४८ पर्यंतच्या निवडक, उंची गाड्यांची असल्याने चॅम्पियनला तेथे जागा नव्हती. तिचा गोतावळा असा वेगळाच वाढला. त्याला व्यावहारिक आधार सुट्या भागांचा. कारखाना बंद झाल्यावर न वापरलेल्या भागांचा प्रचंड शिलकी साठा साउथ बेंडमध्येच व्यापाऱ्यांच्या हाती राहिला, आणि दिवंगत कंपनीच्या गाडीला मूळ भाग मिळणे हे इतर अनेक नाहीशा झालेल्या नावांच्या वाट्याला आले नाही. मडगार्ड गंजणे हा या गाड्यांचा जुना दोष. खरेदीदार आधी तेथेच बोट फिरवतो. सहा व्होल्टची विद्युत्‌यंत्रणा तशीच ठेवावी की बारा व्होल्टची करावी, यावर मूळपणाचे आग्रही आणि रोज गाडी चालविणारे यांचे एकमत होत नाही. सेडान कूपेपेक्षा व उघड्या छताच्या गाडीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून नवख्या संग्राहकाची निवड बहुधा तीच.

भारतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने स्टुडबेकर गाड्यांची जुळणी केली. मुंबईतील जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत या गाड्या अधूनमधून दिसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा नोंदणी क्रमांक घेता येतो. त्यांचा दैनंदिन किंवा व्यापारी वापर मात्र करता येत नाही.