उघड्या पत्र्याचे गंजसंरक्षण

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करताना रंग, लांबी (खळगे भरायचा पुट्टीसारखा लेप) आणि गंज काढून मोकळा केलेला पोलादी पत्रा पुढचा टिकाऊ थर चढेपर्यंत कोरडा व स्वच्छ ठेवण्याच्या पद्धतींना उघड्या पत्र्याचे गंजसंरक्षण म्हणतात. हा मधला काळ कधी दोन तासांचा असतो, तर डेंटर मिळेना, सुटा भाग येईना अशा वेळी वर्षभराचाही होतो. कोणता उपाय करायचा हे त्यावर ठरते. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे फ्लोअर किंवा दाराखालची पोकळ सिल गंजली की गाडीची ताकदच कमी होते.

पत्रा गंजायला पाण्याचा थेंब दिसावा लागत नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर पाण्याचा अदृश्य थर जमतो आणि गंज वेग घेतो. मीठ असेल तर त्याहून कोरड्या हवेतही तो धरतो. घामात मीठ असतेच. म्हणून घासून लख्ख केलेल्या बॉनेटवर उघडा हात टेकवला, तर दुसऱ्या दिवशी बोटांच्या रेषांसकट तांबूस ठसा उमटलेला दिसतो. असा पत्रा हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. किनारपट्टीवर तर हवेतच मीठ असते, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीकडे पुण्यापेक्षा बराच कमी वेळ हाताशी आहे असे धरून चालावे.

दुसरा हिशोब दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊन जमते त्याचा. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. म्हणजे पत्रा ३० अंशांवर असला तरी जेमतेम काठावर. त्यातून रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी हवेपेक्षा थंडच असतो. उलट ३२ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १७ अंशांच्या आसपास असतो. पत्रा उघडण्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर प्रायमरखाली आणावे, ही जुन्या कारागिरांची रीत या आकड्यांशी जुळते. पावसाळ्यात काम अडलेच तर बंद खोली, आर्द्रताशोषक यंत्र आणि साधा आर्द्रतामापक लागतो. काटा ५० टक्क्यांखाली राहिला तर काळजी नाही.

पत्रा उघडणे

सगळी गाडी एकदम उघडी करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. एका दिवसात जेवढे घासून, पुसून प्रायमरखाली जाईल तेवढेच उघडावे: आज एक दार, उद्या मडगार्ड. सँडब्लास्टिंग गंजाच्या खड्ड्यांतूनही सफाई करते, पण बॉनेट, छत, दाराचे पत्रे अशा सपाट भागांवर वाळूच्या माऱ्याने पत्र्याची एक बाजू ताणली जाऊन तो फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. अशा ठिकाणी रंग सोडवणारा रिमूव्हर आणि ८० नंबरचा घासायचा पेपर बरा. ब्लास्ट केलेला पत्रा खरखरीत असल्याने सर्वांत लवकर गंजतो. त्याला त्याच दिवशी, दमट हवेत काही तासांतच, प्रायमर मिळायला हवा. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यातले मीठ पत्र्यात रुतते. सिलिकाची धूळ फुप्फुसे निकामी करते, त्यामुळे नुसता रुमाल बांधून हे काम करू नये.

खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी पातळ फॉस्फोरिक आम्ल वापरतात. बाजारातले ८५ टक्क्यांचे आम्ल पाण्यात सोडून १५ ते २० टक्क्यांवर आणावे. आम्लात पाणी ओतू नये. पत्रा १५-२० मिनिटे ओला ठेवावा. मध्येच वाळू दिला तर पांढरट भुकटी बसते आणि तिच्यावर प्रायमर धरत नाही. शेवटी ताजे आम्ल पुन्हा फिरवून वाळलेला अंश विरघळवावा, लगेच भरपूर पाण्याने धुवावे, पुसावे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने सांधे कोरडे करावेत. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी आधी सोडून द्यावे. नाहीतर कोरडे करायच्या नावाखाली पत्र्यावर पाण्याचाच फवारा होतो.

नट-बोल्ट, बिजागऱ्या, कंस अशा लहान लोखंडी भागांसाठी उसाची मळी स्वस्त पडते. एक भाग मळी नऊ भाग पाण्यात मिसळून भाग आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवतात. वास उग्र येतो, पण चांगले लोखंड शाबूत राहते. ॲल्युमिनियम व जस्ताचे भाग मात्र त्यात टाकू नयेत.

इपॉक्सी की रेड ऑक्साइड

गॅरेजमधला सर्वांत मोठा गैरसमज रेड ऑक्साइड या लाल प्रायमरबद्दलचा आहे. लाल रंग पाहून काम झाले असे वाटते, पण एकघटकी रेड ऑक्साइडचा पातळ थर ओल अडवत नाही आणि वरच्या थिनरने मऊही पडतो. आम्लयुक्त वॉश प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो, पण तोही जेमतेम १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्यावर लांबी टिकत नाही. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या गाडीसाठी द्विघटकी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा, इपॉक्सी प्रायमर हाच भरवशाचा.

आधी ग्रीस-रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसावे: एक ओले, मागोमाग दुसरे कोरडे. नुसते एकच फडके फिरवले तर तेल निघत नाही, पसरते. रॉकेल तेलकट थर सोडते, म्हणून ते नको. हार्डनरचे, म्हणजे घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाचे, प्रमाण डब्यावरचेच घ्यावे (१:१, २:१, ४:१ असे कंपनीगणिक बदलते) आणि सांगितले असेल तर मिश्रण १५ ते ३० मिनिटे मुरू द्यावे. दोन हातांत मिळून ५० ते ७५ मायक्रॉन थर पुरतो. पुढच्या हाताची मुदत उलटली तर १८० ते ३२० नंबरने खरवडूनच वर काम करावे. उन्हात इपॉक्सी खडूसारखा पांढरा पडतो, त्यामुळे गाडी आडोशाला हवी.

लांबी इपॉक्सीवर लावावी, उघड्या पत्र्यावर नाही. लांबीतली टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) ओल शोषते. उघड्या पत्र्यावरच्या लांबीला पाणी-पेपर मारला की ते पाणी थेट पत्र्यापर्यंत पोचते आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगाखाली मोहरीएवढे फोड येतात. ब्रेझिंग केलेल्या (पितळ वितळवून जोडलेल्या) सांध्यावर जोडताना वापरलेला फ्लक्स काचेसारखा राहतो. तो गरम पाणी आणि वायर ब्रशने काढला नाही तर प्रायमर नेमका तिथूनच सुटतो.

काम थोड्याच दिवसांसाठी थांबणार असेल तर पत्र्यावर हलके मशीन ऑइल चोळून ठेवता येते. सिलिकॉन असलेला स्प्रे मात्र टाळावा, पुढे रंगात माशाच्या डोळ्यांसारखी भोके पडतात. सिल आणि दारांच्या पोकळीत रंगाची स्प्रे गन पोचत नाही. तिथे रंगकाम संपल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचे गंजरोधक मेण) सोडतात. नंतर खालची पाणी निघायची भोके तारेने मोकळी करावीत, कारण वॅक्सने बुजलेल्या भोकामुळे सिलमध्ये पाणी साचून राहते.