होलची लांबी वाढवणे (गोल्फ)

गोल्फमध्ये एखाद्या होलचा, म्हणजे मैदानातील एका खळग्यापर्यंतच्या टप्प्याचा, टी (पहिला फटका मारण्याची जागा) मागे नेऊन त्या होलच्या मूळ आखणीतील डावपेच पुन्हा लागू करण्याच्या पद्धतीला होलची लांबी वाढवणे म्हणतात. आखणीकार बंकर (वाळूचा खड्डा), ओढा किंवा फेअरवेचे (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याचे) वळण ठरावीक अंतरावर ठेवतो, ते खेळाडूला निवड करावी लागावी म्हणून: धोका पत्करून पुढचा फटका सोपा करायचा, की सुरक्षित बाजूने जाऊन तो अवघड होऊ द्यायचा. चेंडू तो अडथळा सहज ओलांडू लागला की ही निवडच उरत नाही.

टायटॅनियमचे मोठ्या डोक्याचे ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याच्या काठ्या) आणि २००० नंतर व्यावसायिक खेळात रूढ झालेले भरीव गाभ्याचे, अनेक थरांचे चेंडू ही यामागची प्रमुख कारणे होत. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत १९८० मध्ये ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी सुमारे २५७ यार्ड होती. ती आता ३०० यार्डांच्या आसपास आहे. नाशिककरांच्या परिचयाच्या गोल्फ क्लब मैदानावर आज क्रिकेट खेळले जाते. ३०० यार्डांचा असा फटका तिथल्या एका सीमारेषेवरून मारला, तर चेंडू समोरची सीमारेषा ओलांडून बराच पुढे जाईल.

अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबचा तेरावा होल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. पार पाचचा, म्हणजे पाच फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला, हा होल डावीकडे वळतो आणि वळणाच्या आतल्या बाजूने वाहणारा ओढा ग्रीनसमोरून (खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या भागासमोरून) जातो. दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडून ग्रीन गाठायचे की अलीकडे थांबायचे, हा या होलचा गाभा. परंतु लांब ड्राइव्हनंतर अनेकांच्या हाती मधला किंवा छोटा आयर्न (कमी अंतराच्या, नेमक्या फटक्याची काठी) राहू लागला आणि जोखीम नावापुरतीच उरली. क्लबने शेजारच्या क्लबची जमीन घेऊन टी मागे नेला व तिथे भरणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या २०२३ च्या खेळापासून हा होल ५१० ऐवजी ५४५ यार्डांचा झाला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर २०१० च्या ओपन स्पर्धेसाठी सतराव्या होलचा टी तर मैदानाच्या हद्दीबाहेर न्यावा लागला आणि होल ४५५ वरून ४९५ यार्डांवर गेला.

नुसते अंतर वाढवणे म्हणजे मात्र डावपेच परत आणणे नव्हे. नवा टी अडथळ्याशी जुळला नाही, तर होल फक्त दमवणारा होतो; शिवाय जमीन, पाणी आणि देखभालीचा खर्च वाढतो, तो वेगळाच. कमी लांब फटके मारणाऱ्यांसाठीचे पुढचे टी जागेवर ठेवले नाहीत, तर हौशी खेळाडूंवर अन्याय होतो. या शर्यतीला आळा घालण्यासाठी आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या चाचणीतील क्लबचा वेग ताशी १२० वरून १२५ मैल करण्याचा निर्णय जाहीर केला. अंतराची मर्यादा न वाढवता वेग वाढवल्याने आजचे सर्वांत लांब जाणारे चेंडू त्या चाचणीत बसणार नाहीत.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकसारख्या ठिकाणी विरळ हवेमुळे चेंडू साधारण २ टक्के अधिक लांब जातो आणि उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवर तो आणखी घरंगळतो, तर पावसाळ्यात पडल्या जागी रुततो. त्यामुळे अशा भागात एकच टी कायमचा मागे नेण्यापेक्षा ऋतूनुसार पुढेमागे करता येईल असा लांबट टी बांधणे अधिक शहाणपणाचे ठरते.