केल्म्सकॉटचं छप्पर आणि पाण्याचा हिशेब

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, थेम्स नदी अजून लहानखुरी असते त्या भागात, केल्म्सकॉट नावाचं खेडं आहे. तिथला केल्म्सकॉट मॅनर हा दगडी वाडा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पुढे सतराव्या शतकात त्याला आणखी एक भाग जोडला गेला. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने १८७१ मध्ये तो भाड्याने घेतला. लोक आज तिथे जातात ते बहुतेक त्याने काढलेल्या फुलापानांच्या नक्षीसाठी. मला विचाराल तर आधी मान वर करून छप्पर बघावं.

पाख्यांवर मातीची कौलं नाहीत, दगडाच्या पातळ फरशा आहेत. वळचणीला सगळ्यांत मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. मॉरिसला त्यांच्यात माशाच्या खवल्यांचं, पक्ष्याच्या पिसांचं सौंदर्य दिसे. ते आहेच, पण मुळात हा पाण्याचा हिशेब आहे. आढ्यापाशी वाहतं ते तिथे पडलेलं पाणी. वळचणीला मात्र अख्ख्या पाख्याचं पाणी गोळा होऊन येतं. तिथे फरशी मोठी असली की सांधे कमी आणि गळतीच्या जागाही कमी. शिवाय खाणीतून एका मापाचे तुकडे निघत नाहीत, तेव्हा लहानसा तुकडाही वर कामी येतो. फरशा खडबडीत, एकमेकींवर घट्ट बसत नाहीत. उतार कमी ठेवला तर वारा पाणी फटींतून आत ढकलणार. म्हणून या भागातली छपरं ५० अंशांच्या आसपास उभी असतात. वजन दर चौरस मीटरला शंभरेक किलो! ते पेलायला ओक लाकडाचे दणकट वासे, आणि फरशीच्या भोकात ओकचीच खुंटी घालून ती रिपेला अडकवलेली.

इतका जड दगड इतका पातळ चिरायचा कसा? याच परगण्यातल्या स्टोन्सफिल्ड गावाने हे काम थंडीवर सोपवलं होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी दगड काढायचा आणि मातीने झाकून ओला ठेवायचा. एकदा का खाणीतली ओल सुकली की तो चिरला जात नाही. कडाक्याची थंडी पडणार असं दिसलं की चर्चची घंटा वाजे आणि गाव रात्री उठून दगड उघडे करायला धावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. दगडाच्या थरांत मुरलेलं पाणी गोठलं की थर सुटे होतात, मग हातोडीचे बेताचे ठोके पुरतात. याच खाणींतल्या हाडांवरून भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये ‘मेगॅलोसॉरस’चं वर्णन केलं. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर.

भिंतींचा दगडही त्याच जुरासिक काळातला चुनखडक. उथळ, उबदार समुद्रात शिंपल्याचा कण लाटांबरोबर लोळत राहिला, त्यावर कॅल्शियम कार्बोनेटची पुटं चढत गेली आणि दोन मिलिमीटरहून लहान गोल दाणे तयार झाले. असे अब्जावधी दाणे जुळून हा खडक झाला. दाण्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे तो पाणी पितो.

इथे दर्जांमधला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत भरलेला, चुना महत्त्वाचा. चुनखडक भाजून केलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, पण दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र राहतो. भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. झिजायचं ते दर्जा झिजतात, दगड वाचतो. विसाव्या शतकात बऱ्याच जुन्या घरांच्या दर्जा सिमेंटने भरल्या गेल्या. मजबुतीच्या नावाखाली केलेला हा शुद्ध अडाणीपणा होता. सिमेंट ओल अडवतं. मग ती दगडातूनच वाट काढते, तिथेच क्षार साठतात, पाणी गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. स्टोन्सफिल्डला फरशी देणारी करामत इथे भिंत पोखरते. मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या जतनासाठी जी संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला, ती आजही चुन्याचाच आग्रह धरते.

छपराचं दुखणं वेगळं. तिथे दगडाआधी खुंट्या आणि रिपा कुजतात. तेव्हा सगळं उतरवून त्याच फरशा पुन्हा बसवता येतात, काही मात्र हटकून फुटतात. स्टोन्सफिल्डच्या खाणी केव्हाच बंद पडल्या. मग जुन्या फरशांना भाव येतो, आणि एका घराचं छप्पर दुरुस्त करायला कुठल्यातरी जुन्या कोठाराचं छप्पर उतरवलं जातं.