राज्य लॉटरीचं बक्षीस लागलं तर: दहा हजारांची मर्यादा, दावा आणि कागदपत्रं

महाराष्ट्र राज्य लॉटरीत 10,000 रुपयांचा आकडा आधी लक्षात ठेवा. तिथपर्यंतचं बक्षीस जळगाव, धुळे, नंदुरबारचा विक्रेताच तिकीट घेऊन देतो. त्यापुढे एक रुपया जरी जास्त असला, तरी दावा वाशीच्या राज्य लॉटरी कार्यालयाकडे करावा लागतो आणि कर कापूनच पैसे मिळतात.

युरोपातल्या युरोमिलियन्समध्ये जॅकपॉट लागला नाही की तो पुढच्या सोडतीत वाढत जातो आणि 25 कोटी युरोवर थांबतो. आपल्याकडे बक्षिसांची रक्कम आधीच जाहीर होते. 1998 च्या केंद्रीय कायद्यानं वर्षात सहाच बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या, सोडती घेता येतात.

दाव्यासाठी मूळ तिकीट हवंच, झेरॉक्स चालत नाही. निकाल जुळला की तिकिटामागे लगेच नाव, पत्ता लिहून सही करा, कारण कोरं तिकीट हरवलं तर ते आपलंच होतं हे सांगणार कसं? घडी, सेलोटेप, खाडाखोड टाळा. दोन्ही बाजूंची झेरॉक्स घरी ठेवा. सोबत भरलेला दावा अर्ज, फोटो, पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक जोडा. पॅन नसेल तर आधी ते काढा. मुदत तिकिटावर छापलेली असते. ती उलटली की बक्षीस सरकारजमा.

कराचा हिशेब बऱ्याच जणांना माहीत नसतो. एक लाखाच्या बक्षिसावर 30,000 रुपये जागेवरच कापतात, हाती 70,000 येतात. शिवाय 4 टक्के उपकराचे 1,200 रुपये रिटर्न भरताना द्यावे लागतात. बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी यात सूट नाही, तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या चौघांनी वर्गणी काढून तिकीट घेतलं असेल, तर दावा कुणाच्या नावावर करायचा ते आधीच ठरवून लिहून ठेवा. कपात त्याच्याच पॅनवर दिसेल.

परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला परकीय चलन नियमांनी मनाई आहे. आणि कर बक्षिसातूनच वळता होतो. ‘आधी जीएसटी भरा, मग बक्षीस सोडतो’ असा फोन आला तर एक पैसाही पाठवू नका. पाठवला गेलाच असेल, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.