रेटिनॉल रात्रीच का, थोडंच का, हळूहळूच का : या नियमांमागची पार्श्वभूमी

रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्या आणि मुरुमांसाठी चेहऱ्याला लावतात ते, सुरू करणाऱ्याला सगळीकडे तेच सांगितलं जातं, रात्रीच लावा, वाटाण्याएवढंच घ्या, आधी आठवड्यातून दोनदाच, सकाळी सनस्क्रीन हवंच, आणि प्रेग्नन्सीत अजिबात नको. पण असं का, हे फारसं कोणी सांगत नाही, आणि का ते माहीत नसलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धीर सुटतो आणि माणूस रोज लावायला लागतो. मला वाटतं हा इतिहास माहीत असला तर नियम पाठ करावे लागत नाहीत, कारण यातला जवळजवळ प्रत्येक नियम कोणाच्या तरी त्वचेने आधी सोसलेला आहे.

रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन ए च. आणि व्हिटॅमिन ए जास्त झालं की त्वचेचं काय होतं याची नोंद या व्हिटॅमिनचा शोध लागायच्या 300 वर्षं आधीची आहे. 1597 मध्ये दर्यावर्दी बॅरेंट्सच्या मोहिमेतले डच खलाशी आर्क्टिकमध्ये अडकले होते, त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं लिव्हर शिजवून खाल्लं आणि सगळे आजारी पडले, त्यातल्या तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी निघाली असं मोहिमेतल्या खेरिट द फेर याने लिहून ठेवलंय. हे नेमकं कशामुळे झालं ते 1943 मध्ये कळलं, रोडाल आणि मूर या दोघांनी अस्वलाच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन ए चा प्रचंड साठा असतो आणि विषबाधा त्याचीच असते हे दाखवलं.

शोधाची गोष्ट थोडक्यात सांगते. 1913 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांना लोणी आणि अंड्याच्या बलकात वाढीसाठी लागणारा एक घटक सापडला, त्याच वर्षी ऑस्बोर्न आणि मेंडेल हेही तिथेच पोचले. 1931 मध्ये पॉल कारर यांनी त्याची रचना उलगडली, 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्वचेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे ते 1925 चं काम, वोलबाख आणि हाऊ यांनी व्हिटॅमिन ए न मिळालेल्या उंदरांचे टिश्यू तपासले तर आतली ओलसर अस्तरं कोरडी, जाड, खपल्यांसारखी झालेली दिसली. म्हणजे पेशींनी कसं वाढायचं, कसं झडायचं हे ठरवण्यात या व्हिटॅमिनचा हात आहे हे तेव्हाच कळलं होतं. मग डॉक्टरांनी मुरुमांसाठी व्हिटॅमिन ए पोटात द्यायचा प्रयत्न केला, पण त्वचेवर परिणाम दिसेल एवढा डोस दिला तर तो बाकी शरीराला झेपत नव्हता. त्यामुळे वरून लावायची कल्पना पुढे आली.

लावायचं ते रेटिनॉल नव्हतं, ट्रेटिनॉइन होतं, म्हणजे व्हिटॅमिन ए चं ॲसिड. 1946 मध्ये ते लॅबमध्ये बनलं, 1962 मध्ये जर्मनीत श्टुटगेन यांनी खवल्यांसारख्या त्वचेच्या आजारांवर वापरून पाहिलं, त्याने फरक पडत होता पण आग इतकी व्हायची की फारसं कोणी पुढे नेलं नाही. ते नेलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी. 1969 मध्ये मुरुमांवरचा त्यांचा पेपर आला आणि 1971 मध्ये रेटिन-ए ला, म्हणजे ट्रेटिनॉइनच्या औषधाला, अमेरिकेत मान्यता मिळाली.

इथे एक गोष्ट मला वगळता येत नाही. क्लिगमन यांचे त्वचेवरचे प्रयोग 1951 पासून 1974 पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर चालले होते, त्यात बहुसंख्य काळे होते, पैशाची गरज असलेले होते, आणि आपल्यावर काय लावलं जातंय याची नीट कल्पना त्यांना दिलेली नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने 2021 मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये माफी मागितली. रेटिनॉइड्सचं, म्हणजे रेटिनॉल, ट्रेटिनॉइन या सगळ्या कुटुंबाचं, कौतुक करताना या माणसांचा उल्लेख झालाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता "हळूहळू" या नियमाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सुरुवातीच्या काळात समज असा होता की चेहरा लाल झाला, सोलला, म्हणजे औषध काम करतंय. तेव्हाची सोल्युशन्स आणि जेल अल्कोहोलवाली होती, त्यामुळे चेहरा सोलायचाच. मग मुरुमांसाठी वापरणारे थोडे मोठ्या वयाचे पेशंट सांगायला लागले की त्वचा मऊ झाली, बारीक सुरकुत्या कमी झाल्या, त्यावर 1986 मध्ये क्लिगमन यांचा पेपर आला आणि 1988 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या वाइस, एलिस, वूरहीस वगैरेंचा 30 जणांवरचा 16 आठवड्यांचा अभ्यास. 0.1 टक्का ट्रेटिनॉइन, उन्हाने खराब झालेली त्वचा खरंच सुधारली, आणि ही बातमी झाल्यावर मागणी एकदम वाढली. पण त्याच अभ्यासात 92 टक्के लोकांना त्वचेचा दाह झाला होता, ते मात्र लोकांच्या लक्षात राहिलं नाही.

खरं उत्तर मिळालं 1995 मध्ये. ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी 0.025 आणि 0.1 टक्का अशी दोन्ही ट्रेटिनॉइन 48 आठवडे शेजारी ठेवून तपासली, सुधारणा जवळपास सारखीच आणि त्रास मात्र कमी स्ट्रेंग्थमध्ये कितीतरी कमी. म्हणजे सोलणं आणि फायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! तरी अजूनही "अजून सोललं नाही म्हणजे माझं प्रॉडक्ट फुसकं" असं म्हणणारे भेटतात आणि ते पुढची स्ट्रेंग्थ घेतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

प्रत्यक्षात होतं असं की पेशी लवकर लवकर तयार होऊन वर येतात, वरचा थर पातळ होतो, पाणी धरून ठेवण्याची त्याची ताकद काही आठवडे कमी होते. म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या आसपास गाल ओढल्यासारखे वाटतात, नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात पापुद्रे दिसतात, आणि रोजचं साधं मॉइश्चरायझरसुद्धा झोंबायला लागतं. हे झोंबणं ही थांबायची खूण, तीन-चार रात्री सुट्टी घ्यायची, नुसतं मॉइश्चरायझर लावायचं, मग अंतर वाढवून परत सुरू करायचं. कोपऱ्यांवर आधीच मॉइश्चरायझर लावून ठेवलं तर बराच फरक पडतो. चेहरा धुतल्यावर 20-30 मिनिटं थांबून पूर्ण कोरड्या त्वचेवर लावा ही सूचना तर ट्रेटिनॉइनच्या जुन्या लेबलांपासूनची आहे.

रेटिनॉल सौम्य का, तर त्वचेला आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड करावं लागतं, दोन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर थोडंच पुढे जातं. ते ॲसिड पेशीत जाऊन जिथे बसतं ते रिसेप्टर 1987 मध्ये शाँबाँ आणि इव्हान्स यांच्या टीम्सनी एकाच वेळी शोधले. म्हणजे शेवटी काम तेच होतं, फक्त सावकाश. 0.4 टक्का रेटिनॉलचा 2007 चा अभ्यास सरासरी 87 वर्षांच्या लोकांवर होता आणि 24 आठवड्यांत बारीक सुरकुत्यांमध्ये फरक दिसला. सहा महिने तरी द्या असं जे म्हणतात ते उगीच नाही.

रात्रीचं कारण दुहेरी आहे, प्रकाशात आणि हवेत हा रेणू मोडतो, म्हणूनच ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा एअरलेस पंप, पारदर्शक काचेची बाटली दिसली तर मी घेणार नाही. आणि वरचा थर पातळ झालेल्या त्वचेला ऊन लवकर लागतं, त्यामुळे रात्री लावलं तरी सकाळचं सनस्क्रीन सुटत नाही.

प्रेग्नन्सीचा नियम मात्र सगळ्यात गंभीर. 1933 मध्ये हेल यांनी व्हिटॅमिन ए न मिळालेल्या डुकरिणीला डोळे नसलेली पिल्लं झाल्याचं दाखवलं, आणि 1953 मध्ये कोहलन यांनी उंदरांमध्ये उलटं, जास्त झालं तरी गर्भात व्यंग येतं हे दाखवलं. 1982 मध्ये आयसोट्रेटिनॉइनच्या, म्हणजे याच कुटुंबातल्या मुरुमांवरच्या औषधाच्या, गोळ्या आल्या तेव्हा धोक्याची सूचना होती, तरी 1985 पर्यंत व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी छापून आल्या. क्रीममधून रक्तात फारच कमी जातं, गोळीएवढा धोका क्रीमचा सिद्ध झालेला नाही, पण सुरकुत्यांसाठी एवढीशीसुद्धा जोखीम का घ्यायची, म्हणून डॉक्टर बंद करायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. चुकून लावलं गेलं असेल तर घाबरून न जाता डॉक्टरांना सांगावं.

सगळ्यात ताजा बदल युरोपचा. 2024 च्या नियमानुसार चेहऱ्याच्या प्रॉडक्टमध्ये रेटिनॉल 0.3 टक्क्यांपर्यंत आणि बॉडी लोशनमध्ये फक्त 0.05 टक्के चालेल, नवीन प्रॉडक्टना हे 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे आणि जुना माल 1 मे 2027 पर्यंतच विकता येईल. बॉडी लोशनला एवढी कमी मर्यादा का, तर ते अंगभर लागतं आणि व्हिटॅमिन ए आपण जेवणातून, काही जण सप्लिमेंटमधूनही घेत असतोच, त्या सगळ्याची बेरीज होते. त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्याच्या लेबलवर व्हिटॅमिन ए किती आहे ते एकदा बघून घ्या.