गेटच्या युनिटला एनएव्ही नसते: प्रीपेड ट्यूशन आणि ५२९ बचत खातं

मराठी शाळा सुटायची वाट बघत आम्ही पालक पार्किंगमध्ये उभे असतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी हा विषय निघतोच. "५२९ चा कायदा बदलला म्हणे." (५२९ म्हणजे शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांना सवलत देणारं अमेरिकी करकायद्यातलं कलम.) लगेच कोणीतरी फोन काढतं, कोणी म्हणतं "आमचं गेटमध्ये आहे, आम्हाला काय," आणि पुढच्या दहा मिनिटांत ५२९ बचत खातं आणि गेट ही आगाऊ फी भरायची योजना, या दोन वेगळ्या गोष्टींचा पुरता काला होतो. सिॲटलकडच्या मराठी घरांत हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदा नीट लिहून टाकते.

बचत खात्याबद्दल फार सांगत नाही, ते तुम्ही जाणताच. दरमहा पैसे टाकायचे, ते फंडांत जातात, बाजाराबरोबर वरखाली होतात आणि शिक्षणासाठी काढले तर वाढीवर फेडरल कर लागत नाही. एसआयपीला करसवलत जोडली की झालं.

गेट ही वॉशिंग्टन राज्याची प्रीपेड ट्यूशन योजना, १९९८ पासूनची. (अभियांत्रिकीच्या त्या परीक्षेशी हिचा काही संबंध नाही.) इथे तुम्ही युनिटं विकत घेता. १०० युनिटं म्हणजे राज्यातल्या सर्वात महाग सरकारी विद्यापीठात रहिवासी विद्यार्थ्याला लागणारी एका वर्षाची फी. मूल कॉलेजला जाईल तेव्हा जी फी असेल, ती. दोन्ही योजना कलम ५२९ खाली येतात, म्हणून नावं सारखी वाटतात. खातं कोण उघडू शकतं, राज्य सोडून गेलो तर काय, हे फरक किरकोळ आहेत. न्यू जर्सीला गेलात तरी युनिटं बुडत नाहीत, तिथल्या कॉलेजलाही लागू होतात. फक्त पैसे वॉशिंग्टनच्या फीच्या हिशोबाने मिळतात.

आता खरी मेख. मागे एक मैत्रीण गेटचं स्टेटमेंट घेऊन आली. २०० युनिटं. कागदावर बोट फिरवत तिने विचारलं, "अगं, एनएव्ही कुठे लिहिलीय?" एनएव्ही म्हणजे म्युच्युअल फंडाच्या एका युनिटचा रोजचा भाव. भारतात म्युच्युअल फंड घेतलेल्या प्रत्येकाची इथेच गफलत होते, कारण शब्द तोच आहे: युनिट. फंडाच्या युनिटमागे शेअर आणि रोखे असतात, त्यांची किंमत बाजार ठरवतो. गेटच्या युनिटमागे एक करार असतो आणि त्याची किंमत फी ठरवते. गेटचा निधीही बाजारात गुंतवलेला असतो, पण तो तेजीत आला म्हणून तुमच्या युनिटला एक सेंट जास्त मिळत नाही. आणि सरकारी विद्यापीठांच्या फीची वेसण ज्यांच्या हातात आहे, ते ऑलिंपियातलं, म्हणजे राज्याच्या राजधानीतलं, विधिमंडळच गेटचे नियमही लिहितं.

हे किती भिडतं, ते २०१५ मध्ये दिसलं. २००८ च्या मंदीनंतर फी झपाट्याने वाढली होती. त्यामुळे निधीत पडलेली तूट भरून काढायला २०११ मध्ये युनिटची विक्री किंमत ११७ डॉलरवरून १६३ वर नेली, पुढे १७२ वर. त्याच काळात एका युनिटमागे मिळणारी रक्कम ११७.८२ डॉलर होती. म्हणजे १७२ ला घेणाऱ्याची बरोबरी व्हायलाच फी जवळजवळ ४६ टक्के वाढायला हवी होती. आणि २०१५ मध्ये विधिमंडळाने फी चक्क कमी केली. पहिल्या वर्षी ५ टक्के, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत मोठ्या दोन विद्यापीठांत एकूण १५ टक्के.

विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम निर्णय होता, मी आजही तेच म्हणेन. पण गेटवाल्यांची युनिटं फीला बांधलेली असल्याने तीही खाली आली असती. म्हणून त्याच कायद्यात ११७.८२ चा आकडा दोन वर्षांसाठी गोठवला, आणि योजनेच्या समितीने नवी विक्री थांबवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये योजना पुन्हा उघडली, ११३ डॉलर भावाने. जुन्या खात्यांतल्या युनिटांची संख्या अशी वाढवून दिली की त्यांचं एकूण मोल घटलं नाही. त्या दोन वर्षांत बचत खातंवाल्यांवर या फीकपातीचा परिणाम काय? खात्यावर शून्य. उलट फी कमी झाली, तेवढे पैसे वाचले.

म्हणून "गेटचा परतावा किती?" हा प्रश्न ऐकला की मला राहवत नाही. हमी फीची आहे, परताव्याची नाही. एजंट मंडळी याला "सरकारी एफडी" म्हणून समजावतात, तेव्हा तर फारच राग येतो. एफडीवर व्याज लिहून दिलेलं असतं, इथे व्याज नावाची गोष्टच नाही.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो: योजना राज्याची, म्हणजे हमीही राज्याची. तसं प्रत्येक राज्यात नसतं. वॉशिंग्टनच्या कायद्यात लिहिलं आहे की करार राज्यावर बंधनकारक आहेत आणि निधी अपुरा पडणार असेल तर विधिमंडळाने तो भरून द्यायचा. अलाबामात मात्र लोकांनी हे नुसतंच गृहीत धरलं होतं. तिथली पॅक्ट नावाची प्रीपेड योजना १९९० पासून चालू होती. २००८ मध्ये बाजार कोसळला, निधी निम्म्याजवळ आला आणि तेव्हा पालकांना कळलं की राज्याने कायद्याने हमी घेतलेलीच नाही. २०१० मध्ये विधिमंडळाने सुमारे ५४.८ कोटी डॉलर मंजूर केले, तरीही अखेर तडजोड होऊन २०१० च्या फीइतकेच पैसे मिळायचं ठरलं. त्यापुढची वाढ पालकांच्या खिशातून.

टेक्सासमध्ये तर एकाच राज्यात दोन्ही प्रकार आहेत. १९९६ च्या जुन्या योजनेला १९९७ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून हमी दिली. २००३ मध्ये विद्यापीठांना फी ठरवायची मोकळीक मिळाली आणि त्याच वर्षी योजनेची दारं नव्या लोकांना बंद झाली. जुन्यांची हमी मात्र शाबूत राहिली. २००८ मध्ये नवी योजना आली, तिला राज्याची तशी हमी नाही. डॅलसमधले आपले लोक दोन्हींना सर्रास "टेक्सासचं प्रीपेड" म्हणतात. कृपा करून म्हणू नका.

आता पार्किंगमधली ती "कायदा बदलला"वाली बातमी. ती बहुतेक वेळा वॉशिंग्टन डीसीची, म्हणजे केंद्र सरकारची असते: २०१७ मध्ये शाळेच्या फीसाठी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत काढायची सोय झाली (२०२६ पासून ही मर्यादा २०,००० आहे), २०२२ च्या कायद्याने उरलेली रक्कम अटी पाळून रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात वळवता येते, आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत. हे कलम ५२९ चे बदल, करापुरते. तुमच्या युनिटचं मोल ज्याने हलतं तो बदल ऑलिंपियात होतो आणि ती बातमी फारशी फॉरवर्ड होत नाही. विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, तेव्हा फीचं काय चाललंय एवढं तरी बघत जा.

माझा कौल सरळ आहे. हमी कायद्यात लिहिलेली असेल, मूल लहान असेल आणि विक्री किंमत मिळणाऱ्या रकमेच्या आसपास असेल, तर फीपुरती युनिटं घ्यावीत. राहण्या-खाण्यासाठी बचत खातं. १७२ ला ११७ मिळत असताना मी कोणालाही युनिटं घ्या म्हटलं नसतं.

मैत्रिणीचा मुलगा सातवीत आहे. तिने युनिटं ठेवायची ठरवलं. एनएव्ही शोधत होती त्याच कागदावर २०० च्या शेजारी पेन्सिलीने तिने लिहिलं: "दोन वर्षांची फी".