सुई टोचली की छातीतल्या साध्या गाठीचा कॅन्सर होतो? अजिबात नाही!

परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये बायकांच्या डब्यात एक काकू दुसरीला सांगत होत्या, "छातीतल्या गाठीला सुई लावू देऊ नकोस गं, साधी असली तरी कॅन्सर होतो." हे मी लहानपणापासून ऐकतेय, आणि चूक आहे. साध्या गाठीचा सुईने कॅन्सर होत नाही, उलट नक्की काय आहे हे त्या सुईने काढलेल्या नमुन्यावरूनच कळतं. पाण्याची गाठ असेल तर सुईने पाणी काढलं की बऱ्याचदा तिथेच बसते, आणि पाण्यात रक्त दिसलं तर ते तपासायला पाठवतात.

पंधरा ते पस्तीसच्या मुलींमध्ये जास्त करून फायब्रोअ‍ॅडेनोमा (कॅन्सर नसलेली गाठ) निघतो, रबरासारखा, बोटाखालून सटकणारा. लहान असला आणि तपासणीत साधा निघाला तर काढायचीही गरज नसते, फक्त लक्ष ठेवायचं. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर सोबत मॅमोग्राफी (छातीचा खास एक्स-रे).

आता दुखण्याचं. पाळीच्या आधी दोन्हीकडे जड वाटणं, ठणकणं हे हार्मोन्समुळे होतं, नीट मापाची ब्रा (बहुतेक जणी चुकीचीच घालतात, मीपण घालायचे) आणि डॉक्टरांना विचारून डायक्लोफिनॅक जेल, एवढ्याने बऱ्याच जणींना बरं वाटतं. पण "दुखत नाही म्हणजे काही नाही" असं समजू नका, कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही! गाठ कडक असेल, हलत नसेल, कातडीला खळी पडली असेल, निप्पल आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, काखेत गाठ लागत असेल तर पुढच्या पाळीची वाट न बघता सर्जनकडे जा.